‘कान्ट लोकेट’ आणि कोनचा पगार

पर्ल ही भाषा मेली, असं आपल्या कॉलेजात दरवर्षी कुणीतरी जाहीर करतं. कधी प्लेसमेंटच्या लेक्चरला आलेले पाहुणे, कधी थर्ड इयरचा एखादा पायथनवीर. मी वाद घालत नाही. पण मेलेल्या भाषेतले प्रोग्रॅम मात्र मरत नाहीत. ते कुठल्यातरी ऑफिसातल्या धूळ खाणाऱ्या कॉम्प्युटरवर निमूट बसलेले असतात आणि दर पंधरा दिवसांनी कुणाचा तरी पगार काढत असतात. तो कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत त्यांची आठवण कुणालाच येत नाही.

हा लेख अशाच एका प्रोग्रॅमवर आहे. त्यात विंडोजवर पर्लची मॉड्युल्स बसवण्याची सगळी लढाई येईल. आपल्या लॅबमध्ये निदान चार जण मला याच विषयावर गाठून गेलेत, तेव्हा एकदाच लिहून टाकतो. ज्यांना पर्लशी देणंघेणं नाही त्यांनी पगाराचा भाग वाचावा.

आधी गाव. माझं आजोळ कोन. होस्टेलात हे सांगणं म्हणजे दरवेळी एक प्रवेश होतो. “गाव कुठलं?” “कोन.” “अरे तुझंच विचारतोय, कोण म्हणजे?” “कोन!” मग ड्रॉइंगवाला कुणीतरी “किती अंशाचा?” हे विचारतोच. तर कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोरून पुलावरून उल्हास नदी ओलांडली की पलीकडे भिवंडी तालुका सुरू होतो, आणि कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं पहिलं मोठं गाव म्हणजे कोन. पुढे सरवलीची एमआयडीसी, रांजणोली नाका, आणि मग लूमच्या खडखडाटाची भिवंडी. माझा मामा या पट्ट्यातल्या एका लूम कारखान्यात मेहता आहे. मेहता म्हणजे आडनाव नव्हे. लूमवर हिशेब ठेवणाऱ्या माणसाला इकडे मेहताच म्हणतात. कारीगरांचा तो ‘मेहताजी’.

१२ जून २०२४, बुधवार. मामाचा फोन. “अरे, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. दुसरा आणलाय. पण पगाराचा प्रोग्रॅम चालत नाय. शनिवारी पगार हाय.”

त्या शनिवारी १५ तारीख होती आणि सोमवारी १७ला बकरी ईद. कारखान्यातले बरेच कारीगर आझमगड-मऊकडचे. शनिवारी संध्याकाळी पगार घेऊन कल्याणहून रात्रीची गाडी पकडायची, म्हणजे सोमवारी घरी, असा त्यांचा हिशेब. तिकिटं महिना-दोन महिने आधी काढलेली.

“हाताने काढ ना मामा,” असं मी म्हणून पाहिलं. तर तो म्हणाला, मीटर आणि दर याचा गुणाकार मी करेन रे, पण उचलीचं काय? उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. आजारपण, बहिणीचं लग्न, गावाकडचं घर गळतंय, अशा कारणांनी प्रत्येकाने थोडीफार घेतलेली असते. प्रोग्रॅम ती हप्त्याहप्त्याने कापायचा. आता तो बंद, तर वरून निरोप आला होता, “उचल सरसकट कापून टाका, पुढे बघू.”

आकड्यात सांगतो. समजा पंधरवड्याला एकाचे ९,४०० रुपये झाले आणि उचल ६,००० बाकी आहे. सरसकट कापली तर माणूस ईदला ३,४०० घेऊन घरी जाणार. प्रोग्रॅमच्या रीतीने एका पगारातून जास्तीत जास्त पाव भाग, म्हणजे २,३५० कापले जाणार आणि त्याच्या हातात ७,०५० पडणार. मामा फोनवर एवढंच म्हणाला, “मी त्यांना तोंड देऊ शकत नाय.” गुरुवारी सकाळी मी बॅग भरली.

प्रोग्रॅम २००८मध्ये गावातल्याच एका मुलाने इंजिनिअरिंगला असताना लिहून दिला होता. तो आता परदेशात असतो. त्याच्या आधी तिथे फॉक्सप्रोचं राज्य होतं. त्या काळी हिशेबाच्या निम्म्या टेबलांवर फॉक्सप्रोच असायचं, आपल्या सरांना विचारा. त्यामुळे कारीगरांची यादी, दर आणि उचलीची बाकी एका डीबीएफ फाइलीत होती. पर्लचा प्रोग्रॅम ती फाइल वाचायचा, मीटरचे आकडे सीएसव्हीतून घ्यायचा, उचल कापून नवी बाकी परत डीबीएफमध्ये लिहायचा आणि प्रत्येकाची चिठ्ठी छापायचा. चिठ्ठी महत्त्वाची. कुठल्या लूमवर किती मीटर, डॅमेज किती, उचल किती कापली, बाकी किती. कारीगर ती खिशात ठेवतो आणि पुढच्या पगाराला ताडून बघतो. लिहिता न येणारासुद्धा आकडे बरोबर ओळखतो.

तुम्ही म्हणाल डीबीएफ एक्सेलमध्ये उघडते. उघडते. पण एक्सेल २००७पासून ती परत डीबीएफ म्हणून साठवता येत नाही. म्हणजे बाकी बघायला मिळते, नोंदवता येत नाही.

मामाची एक सवय मात्र सोन्यासारखी. दर पगाराआधी तो अख्ख्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायचा. त्यामुळे डिस्क गेली तरी प्रोग्रॅम आणि डेटा हातात होता. नव्हतं ते फक्त पर्ल आणि त्याची मॉड्युल्स.

आता थोडं शास्त्र. पर्ल लॅरी वॉलने १९८७मध्ये आणली, आणि १९९५पासून सीपॅन हे तिचं सार्वजनिक कोठार आहे. जगभरच्या लोकांनी लिहिलेली मॉड्युल्स तिथून फुकट घ्यायची. अडचण एकच. सीपॅनवरून येतं ते बहुतेक सोर्स कोड. काही मॉड्युल्स निव्वळ पर्लमध्ये असतात. ती नुसती योग्य फोल्डरात जाऊन बसली की काम झालं. पण काहींच्या पोटात सी भाषा असते. ती तुमच्या मशीनवर कंपाइल व्हावी लागतात. युनिक्सवाल्यांकडे कंपायलर आणि मेक बहुधा हाताशीच असतात. विंडोज मात्र दोन्ही देत नाही. म्हणून ‘एनमेक इज नॉट रेकग्नाइज्ड’ हे वाक्य एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ झालं.

यावर दोन उपाय निघाले. ॲक्टिव्हस्टेट कंपनीच्या ॲक्टिव्हपर्लमध्ये पीपीएम नावाचं साधन होतं, ते आधीच कंपाइल केलेलं मॉड्युल आणून द्यायचं. तयार पोळीभाजीचा डबाच. पण ५.६साठी बांधलेला डबा ५.८ला चालायचा नाही, आणि हवं ते मॉड्युल मेनूवर नसेल तर उपाशी. पुढे ५.२८पासून पीपीएम ॲक्टिव्हपर्लमधून गेलंच. दुसरा उपाय स्ट्रॉबेरी पर्ल. ॲडम केनेडीने २००६च्या सुमारास हे काम सुरू केलं. त्यात पर्लसोबत सी कंपायलर आणि मेकसुद्धा येतो, म्हणजे डब्याऐवजी अख्खं स्वयंपाकघर. विंडोजवर आज कुणी विचारलं तर मी डोळे मिटून स्ट्रॉबेरी सांगतो. २००८मधल्या त्या मुलाकडे ॲक्टिव्हपर्ल होतं, हे त्याच्या कॉमेंट्सवरून कळत होतं.

कारखान्याच्या ऑफिसात पोचलो. आठ बाय दहाची खोली, भिंतीपलीकडे लूम, त्यामुळे बोलायचं तर ओरडून. कॉम्प्युटर सेकंडहँड, विंडोज १०, चौसष्ट बिट. नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. स्ट्रॉबेरीचा इन्स्टॉलर शंभर एमबीच्या पुढचा, आणि बाहेर पाऊस. तेवढ्यात दोन चहा झाले.

इन्स्टॉलर सी ड्राइव्हवर थेट ‘स्ट्रॉबेरी’ नावाच्या फोल्डरात बसवायचा म्हणतो. बसू द्यावा. आपल्याकडे नीटनेटकेपणाची हौस म्हणून तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ढकलणारे आहेत. त्या नावात मध्ये स्पेस आहे, आणि अनेक जुन्या मेकफाइलींना स्पेस म्हणजे दोन वेगळे शब्द वाटतात.

दुसरं, ‘व्हेअर पर्ल’ ही कमांड आधी मारायची. ऑफिसात एकच पर्ल निघालं. पण होस्टेलात माझ्या रूममेटने एकदा पूर्ण रविवार घालवला होता. मॉड्युल बसतंय, ‘ओके’ येतंय, आणि प्रोग्रॅम म्हणतोय सापडत नाही. त्याच्या लॅपटॉपवर दोन पर्ल होती. एक स्ट्रॉबेरी आणि एक गिटसोबत गुपचूप आलेलं. मॉड्युल एकाकडे जात होतं, प्रोग्रॅम दुसऱ्याकडे चालत होता. डेटाबेसच्या काही सॉफ्टवेअरबरोबरही असं पाहुणं पर्ल येतं. पाथमध्ये जे आधी, त्याचं राज्य.

प्रोग्रॅम चालवला. पहिली सलामी, ‘कान्ट लोकेट एक्सबेस डॉट पीएम इन ॲट-इंक’. हा एरर बघून लोक घाबरतात, पण पर्ल इथे जेवढं प्रामाणिकपणे बोलतं तेवढं फार कमी भाषा बोलतात. ॲट-इंक म्हणजे मॉड्युल शोधण्याच्या फोल्डरांची यादी. ‘मी या या घरी जाऊन आलो, तुमचा माणूस भेटला नाही,’ असं ते सांगतं आणि घरांचे पत्तेही देतं. ते पत्ते वाचायचे. दोन पर्लचा घोटाळा असेल तर तिथेच दिसतो.

एक्सबेस हे डीबीएफ वाचणारं मॉड्युल. निव्वळ पर्ल. ‘सीपॅन एक्सबेस’ एवढंच लिहिलं, दोन मिनिटांत बसलं. कॉलेजच्या नेटवरून करणाऱ्यांनी प्रॉक्सी असेल तर आधी एचटीटीपी-प्रॉक्सी हे व्हेरिएबल सेट करावं, नाहीतर सीपॅन नुसतं वाट बघत बसतं.

पुढचं नाव आलं टीके. खिडक्या आणि बटणं दाखवणारं मॉड्युल, पोटात भरपूर सी. जुन्या ॲक्टिव्हपर्लमध्ये ते आयतं यायचं. इथे कंपाइल करायचं. सुरू केलं, आणि जीसीसीने तक्रार केली की टेम्पररी फाइल बनवता येत नाही. सोबत पाथ होता, ‘यूजर्स’च्या पुढे नुसती प्रश्नचिन्हं.

कॉम्प्युटर सेट करून देणाऱ्या मुलाने हौसेने यूजरचं नाव देवनागरीत ‘मेहताजी’ ठेवलं होतं. विंडोजला ते छान कळतं. पण पर्ल आणि त्याची जुनी अवजारं फाइलींची नावं विंडोजच्या जुन्या पद्धतीने मागतात, म्हणजे मशीनच्या एका ठरावीक कोडपेजात. आणि देवनागरीला त्या जुन्या पद्धतीचं कोडपेज कधी मिळालंच नाही. जर्मन, रशियन, थाई नावं आपापल्या मशीनवर निभावतात, मराठीची सरळ प्रश्नचिन्हं होतात. पर्ल ५.८ने २००२मध्ये फाइलीच्या आतलं युनिकोड व्यवस्थित सांभाळायला सुरुवात केली, पण विंडोजवर फाइलीच्या नावाचं दुखणं राहिलं ते राहिलंच. उपाय साधा. सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ नावाचं रोमन अक्षरातलं फोल्डर बनवलं आणि त्या विंडोत टेम्प व टीएमपी ही दोन्ही व्हेरिएबल्स तिकडे वळवली. गाडी सुटली.

मामाच्या बॅकअप फोल्डरांचीही तीच गत. त्याने नावं ठेवली होती ‘१५ मे’, ‘३१ मे’. ती बदलून वर्ष-महिना-दिवस अशी रोमन आकड्यांत केली. मामा जरा दुखावला. “मराठीत नाव ठेवणं चुकीचं हाय का?” मी म्हटलं, नाही, तुझं बरोबरच आहे, यंत्र अडाणी आहे. हे मी त्याची समजूत घालायला म्हटलं नाही. खरंच तसं मत आहे.

टीके कंपाइल व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागली. मग टेस्ट सुरू झाल्या आणि स्क्रीनवर खिडक्याच खिडक्या. उघडतायत, मिटतायत, सरकतायत. मामा दचकला. “व्हायरस आला रे!” आणि माऊस घेऊन त्या बंद करायला लागला. शेवटी दोन टेस्ट फेल. अशा वेळी सीपॅनमध्ये ‘फोर्स’ नावाचा एक मोह असतो. फेल तर फेल, बसव. आपल्याकडे नव्वद टक्के सल्ले हेच असतात. माझं म्हणणं, फेल झालेल्या टेस्टचं नाव तरी वाचा. दोन्ही टेस्ट खिडकीवर फोकस आहे की नाही हे बघणाऱ्या होत्या. परत चालवल्या, या वेळी दोघेही हात मांडीवर ठेवून बसलो. सगळ्या पास. लोकांच्या पगाराचा प्रोग्रॅम आहे म्हटल्यावर ती वीस मिनिटं जास्त नव्हती.

तरीही प्रोग्रॅम उठेना. ‘कान्ट लोकेट हिशोब डॉट पीएल’. गंमत अशी की हिशोब डॉट पीएल त्याच फोल्डरात डोळ्यांसमोर होती! इथे सोळा वर्षांचं अंतर आडवं आलं. पूर्वी ॲट-इंकच्या शेवटी एक टिंब असायचं, म्हणजे ‘चालू फोल्डरातही बघ’. २०१७मध्ये ५.२६पासून ते टिंब सुरक्षेसाठी काढलं. कुणी सामायिक फोल्डरात नेमक्या नावाची घातकी फाइल ठेवली तर पर्ल ती बिनदिक्कत उचलायचं, म्हणून. जुने प्रोग्रॅम नव्या पर्लवर पडतात त्यात हे कारण फार वेळा असतं. एका व्हेरिएबलने जुनी सवय परत चालू करता येते, पण मी फाइंडबिन मॉड्युल वापरून ‘प्रोग्रॅम जिथे आहे तिथेही शोध’ अशा दोन ओळी वर घातल्या.

प्रिंटरचं थोडक्यात. जुना प्रोग्रॅम थेट एलपीटी-१ पोर्टवर लिहायचा, आणि या कॉम्प्युटरला ते भोकच नाही. चिठ्ठ्या टेक्स्ट फाइलीत काढल्या आणि नोटपॅडमधून छापल्या.

रात्री साडेअकराला, लूमची दुसरी पाळी चालू असताना, प्रोग्रॅम उघडला. मामा लगेच १५ तारखेचे मीटर टाकायला बसला. मी थांबवलं. आधी जुना पगार काढू. ३१ मेच्या पगाराआधीची प्रत पेनड्राइव्हवर होती आणि त्या पगाराच्या चिठ्ठ्यांच्या कार्बन कॉपी फाइलला लावलेल्या होत्या. तोच डेटा नव्या पर्लवर चालवायचा आणि एकेक चिठ्ठी ताडायची. एक्केचाळीस कारीगर. मी स्क्रीनवरून आकडा वाचायचा, मामाने कागदावर बोट ठेवून “हां” म्हणायचं. चाळीस जुळले. एक जुळेना, एकशे ऐंशी रुपयांचा फरक. पोटात गोळा आला. मामाने कार्बन कॉपी दिव्याखाली धरली. तिच्यावर बॉलपेनने खाडाखोड होती. डॅमेज चुकून दुसऱ्याच्या नावावर पडलं होतं आणि मामानेच ते पगाराच्या दिवशी हाताने दुरुस्त केलं होतं. म्हणजे पर्ल बरोबर आणि मामाही बरोबर.

त्याच रात्री मी हिशोब डॉट पीएल पूर्ण वाचली. तीनशेच्या आसपास ओळी. एके ठिकाणी रोमन लिपीत मराठी कॉमेंट होती, ‘ही ओळ काढू नको. पगाराच्या पाव भागापेक्षा जास्त उचल कापायची नाही. बोलणं झालंय.’ बोलणं कुणाचं कुणाशी झालं, हे मामालाच माहीत. २००८मध्ये दोन कारीगर उचल सरसकट कापली म्हणून ताणा अर्धवट सोडून निघून गेले होते, तेव्हा शेठ, मेहता आणि जुने कारीगर एकत्र बसून हे ठरलं. कागदावर कुठेच नाही. आहे ते एवढंच, एका इफची एक ओळ. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात सर्वसाधारण कपातीला पगाराच्या निम्म्याची मर्यादा होती, २०१९च्या वेतन संहितेतही निम्म्याचीच आहे. या ओळीने कारीगरांना त्याच्या दुप्पट सवलत दिली होती, आणि डिस्कबरोबर तीही गेली असती.

मामाने शुक्रवारी ती ओळ छापून शेठच्या टेबलावर ठेवली. प्रोग्रॅमिंगचा कागद शेठनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला असावा. त्यांनी मामाला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि म्हणाले, “झालं होतं बोलणं. पहिल्यासारखं काढा.”

शनिवारी दुपारी चारला चिठ्ठ्या वाटल्या. मी मुद्दाम कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. कुणी काही विशेष बोललं नाही. प्रत्येकाने खिशातून मागची चिठ्ठी काढली, दोन्ही शेजारी धरल्या, बाकीच्या आकड्यावर अंगठा फिरवला आणि पैसे मोजले. एका चाचांनी विचारलं, “मेहताजी, काग़ज़ बदल गया?” प्रिंटर बदलल्यामुळे कागद गुळगुळीत झाला होता, बाकी त्यांच्या लेखी सगळं तेच होतं. सहाच्या सुमाराला दोन रिक्षा भरून मंडळी दुर्गाडीच्या पुलाकडे गेली.

परत निघण्याआधी एक काम केलं. स्ट्रॉबेरीची पोर्टेबल आवृत्ती झिपमध्ये मिळते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. ती पेनड्राइव्हवर उतरवून त्यातही एक्सबेस आणि टीके बसवली. टीकेच्या वेळी मामा आपणहून बाहेर जाऊन बसला. आता कॉम्प्युटर पुन्हा गेला तर पेनड्राइव्ह लावायचा, पोर्टेबल शेल उघडायचा, प्रोग्रॅम चालवायचा. दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच प्रत आहे, ती मामाच्या घरी कपाटात असते. कुठल्या आवृत्तीचं पर्ल, कुठली मॉड्युल्स, टेम्प कुठे वळवायचं, हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

जूनअखेरचा पगार मामाने एकट्याने काढला. फोन आला होता, पण तो चिठ्ठ्यांचा कागद कल्याणात स्वस्त कुठे मिळतो हे विचारायला.